बायबलचा मक्ता

ट्वीड नदीच्या उत्तर काठावरचं कोल्डस्ट्रीम हे स्कॉटलंडच्या सीमेवरचं गाव. पूल ओलांडला की इंग्लंड. हा पूल १७६६ मध्ये बांधून झाला आणि लवकरच पळून आलेल्या जोडप्यांसाठी प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या कायद्यात ज्यांचं लग्न बसत नसे, ती जोडपी पूल ओलांडून स्कॉटिश बाजूच्या टोलनाक्यावर चटकन लग्न लावून घेत. नवरा-नवरी पुलावरून बिनघोर जात-येत. बायबलला मात्र ती मुभा नव्हती. लंडनमध्ये राजमुद्रकांनी छापलेली बायबलची प्रत एडिंबराच्या दुकानात विकायला ठेवली, तर दुकानदारावर फिर्याद होऊ शकत असे. राजा एकच, भाषांतर एकच, मजकूर अक्षरशः तोच. फरक एवढाच, की नदीच्या अलीकडचा मक्ता एका घराण्याकडे होता आणि पलीकडचा दुसऱ्याकडे.

१८२० च्या दशकात तशी फिर्याद खरोखरच झाली. स्कॉटलंडच्या राजमुद्रकांनी कोर्टात धाव घेतली: इंग्लंडमध्ये छापलेल्या स्वस्त प्रती बायबल सोसायट्या आणताहेत, त्यांना रोखा. खटला लंडनच्या लॉर्ड्स सभेपर्यंत गेला आणि १८२८ मध्ये तिथेही मुद्रकांचीच सरशी झाली. धर्मादाय संस्था गरिबांना धर्मग्रंथ देतात, एवढ्यासाठी त्यांच्यावर दावा लावणारे हे लोक पाखंडी नव्हते. रविवारी नेमाने चर्चला जाणारी प्रतिष्ठित मंडळी होती ती.

हा मक्ता आला कुठून?

विल्यम टिंडलने नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर १५२६ मध्ये जर्मनीत छापून घेतलं, कारण इंग्लंडमध्ये ते छापणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं. प्रती मालाच्या गाठोड्यांत दडवून इंग्लंडच्या बंदरांत उतरत, आणि सापडतील तेवढ्या जाहीरपणे जाळल्या जात. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ टिंडलचा गळा आवळून देह जाळण्यात आला. पुढे तीनच वर्षांनी, १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीच्या आशीर्वादाने एक भलंमोठं इंग्रजी बायबल छापून चर्चमध्ये ठेवलं जाऊ लागलं. त्यातला बराचसा मजकूर टिंडलचाच होता.

म्हणजे ग्रंथ बंदिवासातून सुटला तो सरळ सरकारी कोठारात गेला. कोण छापील हे राजा ठरवणार. सुरुवातीला याला थोडंफार कारणही होतं, हे मान्य करायला हवं. चर्चमध्ये वाचायचं मोठ्या आकाराचं बायबल छापायचं तर कागद, खिळे, जुळारी यांत प्रचंड भांडवल अडकून पडे. ते परत मिळण्याची हमी असल्याशिवाय कोण धजणार? पण हमी म्हणून दिलेली सनद लवकरच वतन झाली. क्रिस्टोफर बार्करने ती १५७७ मध्ये दुसऱ्या एका दरबारी माणसाकडून चक्क विकत घेतली. सनद गहाण पडू शकत होती, पोटभाड्याने देता येत होती, मुलाच्या नावे करता येत होती. मुलाचं नाव रॉबर्ट बार्कर. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेने सत्तेचाळीसच्या आसपास विद्वानांनी सिद्ध केलेलं जे बायबल जगभर राजा जेम्सचं म्हणून ओळखलं जातं, ते याच रॉबर्टने छापलं.

त्या कामात बार्करचे साडेतीन हजार पौंड गेल्याचं पुढे सांगितलं गेलं. पैसा उभा करायला त्याने बॉनहॅम नॉर्टन आणि जॉन बिल या दोघांना भागीत घेतलं, आणि तिथून कोर्टकचेऱ्यांचं जे शुक्लकाष्ठ मागे लागलं ते सुटलंच नाही. मक्ता आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. इंग्रजी भाषेतल्या सर्वांत प्रसिद्ध ग्रंथाचा पहिला मुद्रक १६४५ च्या सुमारास वारला, तो कर्जापायी तुरुंगात.

मक्त्याच्या समर्थनात सांगितलं जाणारं कारण तीन शतकं एकच राहिलं: पाठाची शुद्धता. देवाचा शब्द आहे, कोणीही सोम्यागोम्या छापू लागला तर चुका होतील, पाखंड शिरेल, लोकांचे आत्मे धोक्यात येतील. म्हणून एकच जबाबदार मुद्रक हवा. ऐकायला हे वाजवी वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? १६३१ मध्ये याच जबाबदार छापखान्यातून निघालेल्या हजारभर प्रतींमध्ये दहा आज्ञांपैकी व्यभिचाराविषयीच्या आज्ञेतला नकारच गळला. देवाने व्यभिचाराचा हुकूम सोडला आहे असं छापील बायबल लोकांच्या हाती पडलं. चार्ल्स राजा भडकला, बार्कर आणि त्याचा भागीदार मार्टिन लूकस यांना तीनशे पौंडांचा दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रती आता संग्राहक फार मोठ्या किमतीला घेतात. पुढे १७१७ मध्ये जॉन बॅस्केट या राजमुद्रकाने ऑक्सफर्डला एक देखणं, खर्चिक बायबल काढलं. त्यात द्राक्षमळ्याच्या दाखल्याच्या मथळ्यावर द्राक्षमळ्याऐवजी शिरका छापला गेला. त्या आवृत्तीत चुका एवढ्या, की बॅस्केटच्या आडनावावर कोटी करून लोकांनी तिला चुकांची टोपली म्हटलं.

शुद्ध पाठ मिळाला तो कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. केंब्रिज विद्यापीठाला १५३४ ची हेन्रीची जुनी सनद होती. तिच्या आधारे विद्यापीठाने बायबल छापायला घेतलं, तेव्हा लंडनच्या मक्तेदारांनी आकांडतांडव केलं. विद्यापीठ बधलं नाही. तिथल्या विद्वानांनी मूळ हिब्रू-ग्रीकशी ताडून १६३८ मध्ये जी आवृत्ती काढली, ती पुढे शंभराहून अधिक वर्षं प्रमाण मानली गेली. म्हणजे मक्त्याला तडा गेला, तिथूनच सुधारलेला पाठ बाहेर आला.

दंड झाला, टीका झाली. किमती मात्र चढ्याच राहिल्या. मायकल स्पार्क नावाचा लंडनचा एक पुस्तकविक्या होता. कडवा प्युरिटन, भांडखोर, नाटकांवर जहरी टीका करणारं पुस्तक छापल्याबद्दल दंड आणि जाहीर विटंबना सोसलेला. हॉलंडमध्ये इंग्रजी बायबल स्वस्तात छापलं जाई आणि ते चोरवाटेने इंग्लंडात येई. त्या व्यापाराशी त्याचा जवळून संबंध होता. १६४१ मध्ये त्याने ‘सिंटिला’ नावाची एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात उपदेश जवळजवळ नाही. कोणत्या आकाराचं बायबल पूर्वी कितीला मिळे, मक्तेदारांनी ते कितीवर नेलं, एवढा हिशेब आहे. मला ही पुस्तिका त्या काळातल्या पाचपन्नास प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते. मक्तेदार शुद्धतेविषयी बोलत होते. स्पार्कने संभाषण किमतीवर आणलं. मक्त्याविरुद्धचा पुढचा सगळा लढा त्याच जागेवरून लढला गेला.

१६४९ मध्ये चार्ल्स राजाचं मुंडकं उडालं. मक्ता जिवंत राहिला. क्रॉमवेलच्या राजवटीत तो जॉन फील्ड आणि हेन्री हिल्स यांच्या हाती गेला. १६५३ च्या फील्डच्या बायबलात, अनीतिमान लोक देवाचं राज्य मिळवतील असा मजकूर आहे. प्रेषित पौलाने नेमकं उलट म्हटलं होतं.

अठराव्या शतकात इतर मुद्रकांनी एक पळवाट शोधली. मक्ता होता नुसत्या बायबलचा. टीपांसह बायबल म्हणजे स्वतंत्र ग्रंथ, असा युक्तिवाद होता. मग काय, टीपांची बायबलं धडाधड निघू लागली. स्कॉटलंडात हॅडिंग्टनच्या जॉन ब्राउनचं १७७८ मधलं सटीप बायबल खरोखरच विद्वत्तेचं होतं आणि घराघरात गेलं. पण काही बहाद्दरांनी नावापुरत्या दोन-चार ओळी पानाच्या अगदी तळाशी, समासाच्याही खाली छापल्या. बाइंडरने कडा कापल्या की टीपा कात्रणांबरोबर केराच्या टोपलीत, आणि गिऱ्हाइकाच्या हाती स्वच्छ बायबल! कायद्याचा मान राखून कायदा कापून टाकण्याची इतकी नीटस युक्ती क्वचित सापडते.

अटलांटिकपलीकडच्या वसाहतींमध्ये इंग्रजी बायबल छापायलाच बंदी होती. ते इंग्लंडहून यायचं. त्यामुळे उत्तर अमेरिकेत छापलेलं पहिलं पूर्ण बायबल निघालं ते १६६३ मध्ये, तिथल्या आदिवासींच्या भाषेत, जॉन एलियटने केलेलं. त्यानंतरचं, १७४३ चं, जर्मन. या दोन भाषांवर लंडनच्या सनदेचा अंमल नव्हता. स्वातंत्र्ययुद्धात जहाजं थांबली आणि बायबलचा तुटवडा पडला, तेव्हा काँग्रेसच्या समितीने १७७७ मध्ये वीस हजार प्रती युरोपातून मागवण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. शेवटी १७८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकेनने इंग्रजी बायबल छापून काढलं. काँग्रेसने त्याची शिफारस केली, पैसे दिले नाहीत. लवकरच तह झाला, स्वस्त विलायती प्रती बंदरात उतरल्या आणि एटकेन बुडाला. पुढे त्यानेही बायबल छापण्याचा एकट्याचा हक्क सरकारकडे मागितला. मिळाला नाही, हे अमेरिकी वाचकांचं नशीब.

ब्रिटनमध्ये लोकांचा रेटा वाढला तो वेल्समधून. १७९९ मध्ये वेल्श बायबलच्या दहा हजार प्रती निघाल्या आणि बघता बघता संपल्या. १८०० मध्ये मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची विणकऱ्याची मुलगी सहा वर्षं साठवलेले पैसे घेऊन पंचवीसेक मैल अनवाणी चालत बाला गावी टॉमस चार्ल्स या पाळकाकडे बायबल मागायला गेली. ही गोष्ट पुढे इतकी सांगितली गेली की तिला पुराणकथेची कळा आली. पण मुलगी खरी होती आणि तिचं बायबलही अजून जपून ठेवलेलं आहे. ७ मार्च १८०४ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, तिच्यामागे चार्ल्सची हीच तगमग होती. सोसायटीने एक नियम केला: बायबल द्यायचं ते टीपेशिवाय, भाष्याशिवाय. सगळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र काम करायचं तर दुसरा मार्गच नव्हता. पण त्यामुळे टीपांची पळवाट बंद झाली, आणि गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीतून राजमुद्रक आणि दोन विद्यापीठं यांच्याकडूनच इंग्रजी प्रती विकत घेणं भाग पडलं. मक्तेदारांना इतकं मोठं आणि इतकं बांधलेलं गिऱ्हाईक पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

१८३१ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे राजमुद्रकांच्या सनदेची चौकशी झाली. बंगे गावचा छापखानेवाला जॉन चाइल्ड्स हा मक्त्याचा हाडवैरी तिथे साक्षीला होता. पण खरी फजिती केली ती टॉमस कर्टिस या पाळकाने. १८३३ मध्ये त्याने पुस्तिका लिहून दाखवलं, की विद्यापीठं आणि राजमुद्रक आज जे छापतात ते १६११ च्या पाठापासून शेकडो ठिकाणी ढळलेलं आहे. शुद्धतेचे राखणदार कोणता पाठ राखत आहेत, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. ऑक्सफर्डने उत्तरादाखल १६११ ची आवृत्ती ओळीला ओळ जुळवून पुन्हा छापली, म्हणजे ज्याला हवं त्याने ताडून पाहावं. पुढे १८५१ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीच्या समितीने सहा आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तेव्हा शब्द आणि विरामचिन्हं मिळून जवळजवळ चोवीस हजार फरक निघाले. बहुतेक किरकोळ होते, हे खरं. पण एवढे फरक असताना शुद्धतेच्या नावाने दुसऱ्याचा छापखाना बंद पाडायचा, म्हणजे कमाल झाली.

आता पुन्हा ट्वीडकाठी. स्कॉटलंडच्या मक्त्याची मुदत १८३९ मध्ये संपत होती. कोल्डस्ट्रीमच्या एका सरकारबाह्य पंथाचा पाळक ॲडम टॉमसन याने आधीपासून कंबर कसली होती. त्याचं म्हणणं साधं होतं: मुदत संपतेय ना, मग संपू द्या, नव्याने देऊ नका. सभा, अर्ज, पत्रकं, खासदारांच्या गाठीभेटी, सगळं झालं. सरकारने मक्ता पुन्हा दिला नाही. त्याऐवजी एक मंडळ नेमलं. ज्याला बायबल छापायचं त्याने परवाना घ्यावा, जामीन द्यावा, मुद्रितं तपासून घ्यावीत आणि खुशाल छापावं. पाठावर देखरेख राहिली, बाजार खुला झाला. शुद्धता आणि मक्ता या दोन गोष्टींची गाठ सुटू शकते, हे इतक्या स्वच्छपणे कुणी आधी करून दाखवलं नव्हतं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ग्लासगोचे विल्यम कॉलिन्स यांच्यासारखे मुद्रक मैदानात उतरले, किमती भराभर उतरल्या, आणि स्वस्त स्कॉटिश प्रतींच्या धाकाने इंग्लंडच्या मक्तेदारांनाही आपले भाव खाली आणावे लागले. म्हणजे इतकी वर्षं ते आणता येत होते. पाखंडी बायबलांचा पूर आला नाही. आत्मे धोक्यात पडले असल्याची कुठे नोंद नाही.

टॉमसन तेवढ्यावर थांबला नाही. इंग्लंडभर हिंडून त्याने तिथल्या मक्त्याविरुद्ध सभा गाजवल्या आणि १८४० च्या दशकात कोल्डस्ट्रीममध्येच स्वतःचा ‘फ्री बायबल प्रेस’ उभा केला. सीमेवरच्या एवढ्याशा गावात यंत्रं आली, जुळारी आले, बाइंडर आले. स्वस्तात स्वस्त बायबल द्यायचं हा ध्यास. पण त्यानेच भाव इतके खाली आणले होते की त्या भावात मोठे छापखानेच तगू शकत होते. पाळकाचा धंदा गोत्यात आला आणि आयुष्याची कमाई त्यात गेली. लोकांनी मात्र त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. वर्गणी काढून हात दिला. १८६१ मध्ये तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमधला मक्ता आयर अँड स्पॉटिसवुड यांच्याकडे पुन्हा कायम करण्यात आला होता. तो हक्क १९९० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याकडे आला. राजा जेम्सचं बायबल जगात कुणीही, कुठेही छापू शकतो. अपवाद ब्रिटनचा. जिथे ते जन्माला आलं तिथे आजही राजाची परवानगी लागते.

लंडनची ही सनद मुंबईला पोचली नाही, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट. मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला छापला गेला, आणि थोड्याच वर्षांत मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी छापखाना टाकला. त्यांची पुस्तकं फुकट किंवा नाममात्र किमतीत वाटली जात. लोकांनी त्यांचा धर्म फारसा उचलला नाही, छापण्याची विद्या मात्र उचलली. गणपत कृष्णाजींनी मिशनचा छापखाना पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभा केला. शाईत चरबी असते म्हणून पोथ्या छापायला लोक बिचकत, तर त्यांनी तुपाची शाई केल्याचं सांगतात. त्यांनी छापील पंचांगही काढलं. जावजी दादाजी लहान वयात दोन रुपये पगारावर मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले आणि त्यांनीच पुढे निर्णयसागर उभारला.

ज्ञानेश्वरीचा मक्ता इथे कुणाकडेही नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांनी ती १८४५ मध्ये शिळाछापावर काढली. पुढे कुंटे, माडगांवकर, राजवाडे, साखरे, ज्याने त्याने आपापल्या पाठाची आवृत्ती काढली आणि कोणता पाठ खरा यावर मनसोक्त भांडणं झाली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेली प्रत एकनाथपूर्व असल्याचा दावा केला. विद्वानांनी तो जाहीरपणे सोलून काढला. तुकारामांच्या गाथेसाठी तर मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णुशास्त्री पंडित यांनी ती १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून काढली. सरकारने पैसे दिले, पण दुसऱ्याला गाथा छापायची बंदी केली नाही. आणि शुद्धतेचं म्हणाल, तर एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शोधला आणि शेवटी, यात कुणी पदरची भर घालू नये, अशी ताकीद लिहून ठेवली. ताकीद दिली, नक्कल करायची मनाई केली नाही.

विसाव्या शतकात मक्त्याची जागा कॉपीराइटने घेतली. नवी भाषांतरं आली आणि प्रत्येकाला मालक आला. १९०१ च्या अमेरिकन स्टँडर्ड बायबलवर तर, पाठ शुद्ध राहावा म्हणून हा कॉपीराइट घेतला आहे, असा स्पष्ट खुलासाच छापलेला असे. बार्करच्या काळचंच कारण, फक्त कागद नवा. त्या भाषांतराचा हक्क पुढे यथाकाळ संपला. मग काही स्वयंसेवकांनी तेच भाषांतर पायाला घेऊन आजच्या इंग्रजीत आणलं आणि ‘वर्ल्ड इंग्लिश बायबल’ या नावाने सार्वजनिक करून टाकलं. ते कुणीही छापावं, विकावं, वाटावं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. त्यांनी राखून ठेवलं आहे ते फक्त नाव. मजकूर बदलायचा असेल तर जरूर बदला, पण त्याला वर्ल्ड इंग्लिश बायबल म्हणायचं नाही.